एका संघाची कार्डे : पिट्सबर्ग पायरेट्सचा बेसबॉल कार्डसंग्रह कसा उभारावा

बेसबॉल कार्डे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ छापली जात आहेत आणि त्यांची संख्या इतकी प्रचंड झाली आहे की, ती सगळी जमवण्याचा विचारही कोणी करू नये. संग्राहकाला कोठेतरी हद्द आखावीच लागते. कोणी एका वर्षाचा पूर्ण संच जमवतो, कोणी एकाच खेळाडूच्या मागे लागतो, तर कोणी आपल्या आवडत्या संघाची कार्डे जमवतो. या तिसऱ्या मार्गात मला सर्वाधिक समाधान दिसते, कारण त्यात महागड्या नामवंतांच्या शेजारी राखीव बाकावरचा यष्टीरक्षकही तितक्याच मानाने बसतो आणि हळूहळू संघाचा संपूर्ण इतिहास हाताखाली येतो. प्रत्यक्ष पद्धत समजावी म्हणून या लेखात पिट्सबर्ग पायरेट्स हा एकच संघ घेतला आहे. मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या नॅशनल लीग या शाखेतील हा जुना संघ असून त्याने १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९ अशी पाच वेळा वर्ल्ड सिरीज ही अंतिम विजेतेपदाची मालिका जिंकली आहे. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या संघांइतकी मागणी त्याला नसल्यामुळे सामान्य उत्पन्नाच्या माणसालाही त्याचा भरीव संग्रह उभारता येतो. दुसरा एखादा संघ मनात असला, तरी पुढे सांगितलेली कामे त्याच क्रमाने करता येतील.

आधी नियम लिहून काढावा

एकही कार्ड विकत घेण्यापूर्वी एका कागदावर आपल्या संग्रहाचा नियम लिहावा. हे काम किरकोळ वाटते, परंतु बहुतेक संघसंग्रह याच्या अभावी विस्कटतात. पहिला प्रश्न असा की, ‘पायरेट्सचे कार्ड’ कशाला म्हणायचे? बॅरी बाँड्स १९८६ ते १९९२ या काळात पिट्सबर्गकडून खेळला आणि १९९० व १९९२ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, परंतु त्यानंतरची त्याची सारी कारकीर्द सॅन फ्रान्सिस्कोत गेली. त्याची तिकडची कार्डे घ्यायची का? माझे मत स्पष्ट आहे : कार्डावर संघाचे नाव पायरेट्स असेल, तरच ते संग्रहात यावे. खेळाडूच्या अंगावरचा गणवेश हा निकष वरवर सोपा वाटतो, पण तो फसवा आहे, कारण हंगामाच्या तोंडावर संघ बदललेल्या खेळाडूंची जुनीच छायाचित्रे रंगवून किंवा टोपी झाकून वापरण्याची प्रथा अनेक वर्षे होती. छापील नाव मात्र वादाला जागा ठेवत नाही.

दुसरा प्रश्न एकाहून अधिक खेळाडू असलेल्या कार्डांचा आहे. टॉप्स कंपनीच्या १९६५ च्या संचातील २ क्रमांकाच्या कार्डावर नॅशनल लीगमधील अग्रगण्य फलंदाज म्हणून रोबेर्तो क्लेमेंते, हँक आरन आणि रिको कार्टी एकत्र आहेत. क्लेमेंते पायरेट्सचा असल्यामुळे ते संघसंग्रहात बसते, पण आरनचे चाहतेही त्याच कार्डाच्या शोधात असतात, म्हणून त्याला किंमत जास्त पडते. अशी कार्डे घ्यायची की नाहीत, हे आधीच ठरवलेले बरे.

तिसरा प्रश्न आजच्या काळात सर्वांत खर्चिक ठरतो. आधुनिक संचांत मूळ कार्डाच्याच रंगीत, चकचकीत आणि मर्यादित संख्येच्या अनेक आवृत्त्या निघतात. संग्राहक त्यांना ‘पॅरलल’ म्हणतात. एका खेळाडूच्या एकाच छायाचित्राच्या दहा-पंधरा आवृत्त्या असू शकतात आणि त्यांतील शेवटची जगात एकच असते. या सगळ्यांचा समावेश केला, तर संग्रह कधीच पूर्ण होणार नाही. नवशिक्याने मूळ कार्डांपुरतेच राहावे आणि पॅरलल हाती आले, तर ते जादा मानावे.

पिट्सबर्ग शहराच्या बेसबॉलविषयी आस्था असणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा विचार करावा. वर्णभेदाच्या काळात पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज हे कृष्णवर्णीय खेळाडूंचे दोन बलाढ्य संघ याच परिसरात खेळत होते आणि जॉश गिब्सनसारखा फलंदाज त्या दोघांकडूनही खेळला. त्या काळी कार्ड कंपन्यांनी या खेळाडूंकडे जवळपास पाठच फिरवली होती, म्हणून त्यांची बहुतेक कार्डे पुष्कळ नंतर निघालेली आहेत. मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या या लीगना, म्हणजे निग्रो लीग्जना, मेजर लीगचा दर्जा दिला. या खेळाडूंसाठी बाइंडरमध्ये स्वतंत्र विभाग ठेवल्यास संग्रहाला मोठा अर्थ येतो, असे मला मनापासून वाटते.

यादी तयार करणे

नियम ठरल्यावर यादीला लागावे. ‘ट्रेडिंग कार्ड डेटाबेस’ या विनामूल्य संकेतस्थळावर जवळपास प्रत्येक संचाची चेकलिस्ट आहे आणि ती संघानुसार चाळता येते. तेथून एकेका वर्षाची पायरेट्सची कार्डे घेऊन एका स्प्रेडशीटमध्ये उतरवावीत. वर्ष, संच, कार्डक्रमांक, खेळाडूचे नाव, कार्डाची स्थिती, दिलेली किंमत आणि ते कोठे ठेवले आहे, एवढे रकाने पुरतात. सगळी वर्षे एकदम उतरवण्याचा हव्यास धरू नये. ज्या दशकापासून सुरुवात करायची आहे, तेवढेच करावे. हातात नसलेल्या कार्डांची वेगळी छोटी यादी फोनमध्ये असावी, कारण प्रदर्शनात विक्रेत्याच्या खोक्यासमोर उभे असताना स्मरणावर विसंबले की तेच कार्ड दुसऱ्यांदा घेतले जाते.

यादी करताना १९८१ हे वर्ष ठळक खुणेचे आहे. टॉप्सने १९५६ साली बोमन ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे या क्षेत्रात तिची जवळपास मक्तेदारी राहिली. त्या काळात एका खेळाडूचे दरवर्षी साधारण एकच नियमित कार्ड निघे आणि संपूर्ण संघाची कार्डे पंचवीस-तीसच्या घरात असत. न्यायालयीन लढाईनंतर १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या, १९८८ मध्ये स्कोअर आणि १९८९ मध्ये अपर डेक आली. त्यामुळे १९८१ पूर्वीची यादी लहान पण महाग, तर नंतरची यादी लांबलचक पण स्वस्त असते. खर्चाची आखणी या एका गोष्टीवर ठरते.

कोणत्या काळात काय शोधावे

सर्वांत जुन्या थरापासून सुरुवात करू. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून दिलेली कार्डे आज ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जातात. हे नाव जेफरसन बर्डिक या संग्राहकाने केलेल्या वर्गीकरणातून आले. जगातील सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल कार्ड याच संचातले आहे आणि ते पायरेट्सच्याच खेळाडूचे, होनस वॅग्नरचे आहे. त्याची छपाई लवकर थांबली, त्यामुळे आज जेमतेम पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत. त्यातील एक प्रत २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७२.५ लाख डॉलरांना विकली गेली. तेव्हा हे कार्ड यादीत नोंदवावे आणि विसरून जावे. त्याच संचात फ्रेड क्लार्क हा संघाचा खेळाडू-व्यवस्थापक दोन वेगवेगळ्या चित्रांत आहे आणि व्हिक विलिस हा गोलंदाजही आहे. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या मानाच्या यादीत आहेत, तरीही झिजलेल्या स्थितीतील त्यांची कार्डे थोडी बचत करून घेता येतात. या कार्डांवर शहराचे नाव शेवटच्या ‘एच’ अक्षराशिवाय छापलेले दिसेल. ती छपाईची चूक नाही : १८९१ ते १९११ या काळात अमेरिकेच्या भौगोलिक नामविषयक मंडळाने ते अक्षर अधिकृतपणे गाळले होते. शतकापूर्वीच्या शहराचा हा छोटा दाखला संग्रहात असावा, म्हणून या संचातले निदान एक कार्ड, मग ते कितीही झिजलेले असो, प्रत्येक पायरेट्स संग्राहकाने मिळवावे असे मला वाटते.

मधल्या काळात १९३३ च्या गाउडी च्युइंग गमच्या २४० कार्डांच्या संचात पाय ट्रेनर आणि पॉल व लॉइड हे वेनर बंधू आहेत, तर १९४८ च्या बोमन संचात राल्फ काइनरचे रूकी, म्हणजे नवोदित काळातले पहिले, कार्ड ३ क्रमांकावर आहे. या कार्डांवर फार काळ रेंगाळण्याचे कारण नाही. संधी मिळेल तशी ती घ्यावीत.

टॉप्सचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच हा युद्धोत्तर संग्राहकांचा पाया मानला जातो. त्यातील ३११ ते ४०७ ही शेवटची मालिका अतिशय दुर्मीळ आहे. ती हंगाम संपता संपता बाजारात आली, विकली गेली नाही आणि पडून राहिलेला साठा पुढे समुद्रात नेऊन टाकला, अशी हकिगत टॉप्सचे साय बर्जर स्वतः सांगत असत. पायरेट्सच्या संग्राहकाला याची झळ बसते, कारण डिक ग्रोटचे रूकी कार्ड ३६९ क्रमांकाचे, म्हणजे नेमके याच मालिकेतले आहे. १९७३ पर्यंत टॉप्स कार्डे हंगामभर टप्प्याटप्प्याने काढत असे आणि शेवटचे टप्पे बहुधा कमी खपत. १९७४ पासून सगळा संच एकदम येऊ लागला. म्हणून १९७४ पूर्वीच्या कोणत्याही वर्षाची यादी करताना मोठ्या क्रमांकांची कार्डे वेगळ्या रंगात दाखवावीत आणि दिसतील तेव्हा आधी तीच घ्यावीत. विली स्टार्जेलचे रूकी कार्ड हे याचे चांगले उदाहरण आहे : १९६३ च्या संचात ते ५५३ क्रमांकावर, शेवटच्या मालिकेत आहे आणि त्यावर आणखी तीन नवोदित खेळाडू आहेत.

या संग्रहाचे हृदय म्हणजे क्लेमेंतेची एकोणीस वर्षांची टॉप्स कार्डे. १९५५ चे १६४ क्रमांकाचे रूकी कार्ड आणि १९७३ चे ५० क्रमांकाचे शेवटचे कार्ड यांच्यामध्ये एका माणसाचे आयुष्य उलगडते. प्वेर्तो रिकोतून आलेल्या या खेळाडूचे नाव १९५५ आणि १९५६ मध्ये रोबेर्तो असे छापले गेले, परंतु १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्सने त्याला कार्डांवर ‘बॉब’ केले. ते नाव त्याला रुचत नव्हते. १९७० च्या ३५० क्रमांकाच्या कार्डावर त्याचे खरे नाव परत आले. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने तीन हजारावा हिट मारला आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री, निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. १९७३ चे कार्ड त्याच्या पश्चात लोकांच्या हाती पडले. ही एकोणीस कार्डे ओळीने लावलेला बाइंडर पाहिला की, संघसंग्रह कशासाठी करायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. पहिली तीन वर्षे महाग आहेत. त्यांच्यासाठी सध्या जागा रिकामी ठेवायची नसेल, तर टॉप्सनेच १९९८ मध्ये काढलेली या एकोणीस कार्डांची अधिकृत पुनर्मुद्रणे तेथे ठेवावीत. ती स्वस्त आहेत आणि चकचकीत कागदामुळे मुळापासून सहज ओळखू येतात. १९५८ च्या ५२ क्रमांकाच्या कार्डात संघाचे नाव कधी पांढऱ्या तर कधी पिवळ्या अक्षरांत आहे आणि पिवळे दुर्मीळ आहे, एवढे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

१९६० च्या विजेतेपदासाठी १९६१ चा संच पाहावा. १३ ऑक्टोबर १९६० रोजी फोर्ब्स फील्डवर सातव्या सामन्याच्या शेवटच्या डावात बिल मॅझरोस्कीने मारलेल्या होम रनने मालिका संपली. त्या सामन्याला त्या संचात स्वतंत्र कार्ड दिलेले आहे. मॅझरोस्कीचे रूकी कार्ड १९५७ चे, २४ क्रमांकाचे आहे. १९७९ च्या विजेत्या संघासाठी त्या वर्षाची स्टार्जेल आणि डेव्ह पार्कर यांची कार्डे जोडीने ठेवावीत. पार्करचे रूकी कार्ड १९७४ चे, २५२ क्रमांकाचे आहे. २०२५ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले, पण समारंभाच्या काही आठवडे आधीच त्याचे निधन झाले.

१९८० च्या दशकाचा शेवट आणि १९९० च्या दशकाची सुरुवात हा अमाप छपाईचा काळ होता. कार्डे म्हणजे गुंतवणूक, अशी समजूत पसरल्याने कंपन्यांनी प्रचंड प्रमाणात छपाई केली आणि लोकांनी ती जपून ठेवली. परिणामी आजही ती विपुल आहेत. लाकडी चौकटीसारखी किनार असलेले १९८७ चे टॉप्सचे बाँड्सचे ३२० क्रमांकाचे कार्ड त्यामुळेच अत्यंत स्वस्तात मिळते. त्याच वर्षाच्या डॉनरस ओपनिंग डे संचात १६३ क्रमांकाच्या बाँड्सच्या कार्डावर चुकून जॉनी रेचे छायाचित्र छापले गेले होते. चूक लवकर दुरुस्त झाली, म्हणून चुकीचेच कार्ड मोलाचे ठरले. जुन्या खोक्यात १९८७ चा हा संच दिसला, तर १६३ क्रमांक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१९९३ ते २०१२ ही सलग वीस वर्षे पायरेट्सने जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने अधिक होते. या काळातील सामान्य खेळाडूंची कार्डे काही सेंटांची आहेत, परंतु तीच मिळवणे सर्वांत चिकाटीचे काम आहे, कारण टपालखर्च कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पट असल्याने कोणताही विक्रेता ती सुटी विकायला मांडत नाही.

आधुनिक काळात शिरताना दोन बाबी समजून घ्याव्यात. २००६ पासून नवोदितांच्या कार्डावर रूकीचे अधिकृत चिन्ह येते आणि ते खेळाडू मेजर लीगमध्ये पोहोचल्यावरच मिळते. तेथे पोहोचण्याआधी टॉप्सच्या बोमन नावाच्या संचांत निघालेली कार्डे ‘प्रॉस्पेक्ट’, म्हणजे होतकरू खेळाडूची, मानली जातात. अँड्रू मॅक्कचन नवोदितांच्या वार्षिक निवडीत २००५ मध्ये पायरेट्सकडे आला आणि त्याची बोमन कार्डे त्याच वर्षाची आहेत, परंतु तो मेजर लीगमध्ये मैदानात उतरला २००९ मध्ये. त्याची अधिकृत रूकी कार्डेही त्याच वर्षाची. दुसरी बाब अशी की, २०१० पासून मेजर लीगच्या संघांची नावे आणि चिन्हे वापरण्याचा परवाना टॉप्सकडेच राहिला आहे. २०२२ च्या जानेवारीत फॅनॅटिक्सने टॉप्सचा हा व्यवसाय विकत घेतला. दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर टोपीवरचे चिन्ह पुसलेले दिसते ते याच कारणाने. अशी कार्डे घ्यावीत की नाही, हे आपापल्या नियमावर सोडावे. मी घेत नाही.

पायरेट्सचा गोलंदाज पॉल स्कीन्स याच्या बाबतीत जे घडले, ते आजच्या बाजाराचे टोक दाखवते. पदार्पणाच्या सामन्यात त्याच्या बाहीवर असलेली खास पट्टी जडवलेले एकमेव कार्ड लॉस एंजेलिस परिसरातील ११ वर्षांच्या एका मुलाला पाकिटात मिळाले. पायरेट्सने त्याबदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली, पण कुटुंबाने ते लिलावात काढले आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याला ११.१ लाख डॉलर मिळाले. स्कीन्सचे २०२४ चे साधे रूकी कार्ड मात्र कोणालाही परवडते, आणि संघसंग्रहासाठी तेवढेच लागते.

खरेदीचा क्रम

पहिली खरेदी ‘टीम लॉट’ची असावी. ई-बेवर संघाचे नाव आणि दशक टाकून शोधल्यास शे-दोनशे किंवा त्याहून अधिक पायरेट्स कार्डांचे गठ्ठे मिळतात. १९८१ ते १९९३ या काळासाठी हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. दोन-तीन गठ्ठ्यांत यादीचा मोठा भाग भरतो आणि दुबार कार्डे पुढे देवाणघेवाणीला उपयोगी पडतात.

उरलेल्या फटी भरण्यासाठी स्पोर्टलॉट्स आणि सीओएमसी ही संकेतस्थळे चांगली आहेत. स्पोर्टलॉट्सवर सामान्य कार्डे थोड्या सेंटांत मिळतात. एकाच विक्रेत्याकडून एकदम चाळीस-पन्नास कार्डे घेतली, तर टपालखर्च विभागला जातो. सीओएमसीवर अनेक विक्रेत्यांची कार्डे एकाच गोदामात असतात. आपण घेतलेली कार्डे तेथेच साठवून ठेवता येतात आणि पुरेशी झाली की एका पार्सलने मागवता येतात. भारतात राहून हा छंद करणाऱ्या मराठी माणसासाठी ही सोय मोलाची आहे, कारण प्रत्येक छोट्या पार्सलवर आंतरराष्ट्रीय टपालखर्च आणि त्यावर आयात शुल्क भरणे परवडत नाही. अमेरिकेत नातेवाईक असतील, तर कार्डे त्यांच्या पत्त्यावर जमवावीत आणि कोणी येणार असेल तेव्हा हातसामानातून आणवावीत. महागडे कार्ड असल्यास बिल सोबत असावे. पिट्सबर्ग किंवा आसपास शिक्षणासाठी वा नोकरीसाठी राहणाऱ्यांनी मात्र स्थानिक दुकाने आणि कार्ड प्रदर्शने आधी पाहावीत. त्या भागात घरोघरी जुनी पायरेट्स कार्डे आहेत आणि विक्रेता समोर असला की कार्ड हातात घेऊन पाहता येते.

किंमत ठरवताना विक्रेत्याने लावलेला आकडा पाहू नये, तर तेच कार्ड त्याच स्थितीत अलीकडे प्रत्यक्ष कितीला विकले गेले, ते पाहावे. ई-बेवर ‘विकलेल्या वस्तू’ निवडल्यास हे दिसते आणि घासाघीस होऊन ठरलेली नेमकी रक्कम १३०पॉइंट या संकेतस्थळावर कळते. खरेदीची वेळही महत्त्वाची आहे. हंगाम रंगात असताना आणि एखाद्याची हॉल ऑफ फेमसाठी निवड जाहीर होताच भाव चढतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पायरेट्सच्या सामान्य कार्डांकडे फारसे कोणी फिरकत नाही.

नव्या कार्डांसाठी पाकिटे फोडत बसू नये. एका पाकिटात आपल्या संघाचे कार्ड निघेलच असे नाही, आणि तीस संघांच्या लीगमध्ये बाकीची सारी कार्डे आपल्याला नको असतात. टॉप्सची पहिली मालिका साधारण फेब्रुवारीत, दुसरी जूनच्या सुमारास आणि अपडेट संच हंगामाच्या अखेरीस येतो. संच आल्यावर काही आठवड्यांत विक्रेते संघानुसार वेगळे केलेले गट विकू लागतात, तेच घ्यावेत. थेट प्रक्षेपणात खोकी फोडून प्रत्येक संघाची जागा आगाऊ विकण्याची ‘ब्रेक’ नावाची पद्धत सध्या जोरात आहे. पायरेट्सची जागा तुलनेने स्वस्त असते, परंतु पैसे देऊनही हाती काहीच न येण्याची शक्यता असते, म्हणून यादी पूर्ण करण्यासाठी ती उपयोगाची नाही.

कार्ड तपासणे

जुन्या कार्डाची स्थिती चार ठिकाणी पाहतात : कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाईचे मध्यसंतुलन. कार्ड दिव्याखाली तिरपे धरले की समोरून न दिसणारी घडी आणि ओरखडे उमटतात. १९७१ च्या टॉप्स संचाला काळी किनार आहे आणि तिचा रंग जराशा स्पर्शानेही निघतो, म्हणून क्लेमेंतेचे त्या वर्षाचे ६३० क्रमांकाचे कार्ड काळ्या शाईने रंगवून दुरुस्त केलेले असू शकते. कडेवर भिंगातून नजर टाकावी.

बनावट कार्ड ओळखण्यासाठी दसपट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग पुरते. त्या काळच्या छपाईत रंगाचे बारीक ठिपके ठरावीक रचनेत दिसतात, पण अक्षरे आणि रेषा सहसा सलग असतात. नक्कल मुळाचे छायाचित्र घेऊन केलेली असल्याने तिच्यात अक्षरेही ठिपक्यांचीच बनलेली दिसतात. अतिनील दिव्याखाली आधुनिक कागद निळसर चमकतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायने असतात. टी-२०६ किंवा गाउडी कार्ड असे चमकले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. कडा कापलेले कार्ड ओळखायला त्याच संचातील एखादे स्वस्त अस्सल कार्ड शेजारी धरून मोजावे. १९५७ पासून टॉप्सचे प्रमाण अडीच बाय साडेतीन इंच आहे. १९५२ ते १९५६ ची कार्डे त्याहून मोठी आहेत आणि टी-२०६ बरीच लहान.

कापण्याचा मोह किती वरपर्यंत पोहोचतो, हे वॅग्नरच्याच कार्डावरून दिसते. पीएसए या संस्थेने १९९१ मध्ये सर्वप्रथम प्रमाणित केलेले कार्ड म्हणजे वॅग्नरची सर्वांत देखणी प्रत, जी तेव्हा हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि ब्रूस मॅक्नॉल यांच्या मालकीची होती. बिल मॅस्ट्रो या लिलावव्यावसायिकाने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले की, त्याने त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. प्रमाणपत्र असले तरी आपली नजर तयार ठेवावी लागते.

प्रमाणित करून घ्यावे का? पीएसए, एसजीसी आणि बेकेट या संस्था १ ते १० असे गुण देऊन कार्ड प्लॅस्टिकच्या बंद पेटीत घालतात. संघसंग्रहात याची गरज क्वचितच असते. टी-२०६, १९५० च्या दशकातील क्लेमेंते किंवा स्टार्जेलचे रूकी कार्ड विकत घेताना ते आधीच प्रमाणित असलेले घ्यावे, म्हणजे अस्सलपणाची चिंता बरीच मिटते. बाकी कार्डे बाइंडरच्या कप्प्यातच शोभतात, आणि मधल्या स्थितीतील साधे कार्ड घेतले, तर त्याच पैशांत दहा कार्डे येतात.

जतन

प्रत्येक कार्डाला आधी पातळ पारदर्शक स्लीव्ह घालावी. किमती कार्ड त्या स्लीव्हसह टॉपलोडर या कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावे, बाकीची नऊ कप्प्यांच्या पानांत. पाने पीव्हीसीविरहित असल्याची खात्री करावी, कारण पीव्हीसीतून निघणारे द्रव्य काही वर्षांत शाई आणि पृष्ठभाग खराब करते. गणवेशाची पट्टी जडवलेले जाड कार्ड साध्या टॉपलोडरमध्ये दाबून बसवू नये. जाडीप्रमाणे टॉपलोडर मिळतात. रबरबँड कधीही वापरू नये. टॉपलोडरचे तोंड बंद करायला चिकटपट्टी थेट लावण्याऐवजी वरून ‘टीम बॅग’ ही छोटी पिशवी घालावी.

आपल्याकडच्या हवामानात खरा शत्रू पावसाळा आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणा कागदाला सोसवत नाही. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता कार्डांना योग्य मानली जाते. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटे आर्द्रतामापक ठेवावे आणि पिशव्या ओल्या झाल्या की बदलाव्यात किंवा उन्हात नव्हे तर मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवाव्यात. १९९० च्या दशकातील गुळगुळीत लेप असलेली कार्डे, विशेषतः टॉप्सच्या स्टेडियम क्लब संचातली, गठ्ठ्यात राहिली की दमटपणाने एकमेकांना घट्ट चिकटतात आणि सोडवताना चित्र सोलून निघते. अशी कार्डे आल्याबरोबर एकेक करून स्लीव्हमध्ये घालावीत. धातूसारखी चमकणारी क्रोम प्रकारची कार्डे दमट हवेत वाकतात. कसर आणि वाळवी यांच्यासाठी डबा लाकडी कपाटाच्या तळाशी न ठेवता वरच्या धातूच्या फळीवर ठेवावा. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नयेत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला बाधते.

देवाणघेवाण आणि पुढचे काम

दुबार कार्डांची वेगळी यादी डेटाबेसवर टाकली की, दुसऱ्या संघांचे संग्राहक आपणहून संपर्क करतात. त्यांच्याकडे पायरेट्सची नको असलेली कार्डे पडून असतात, आपल्याकडे त्यांच्या संघाची. यात पैसा जवळजवळ लागत नाही आणि हरलेल्या वीस वर्षांतील ती अडलेली कार्डे बहुतेक अशीच मिळतात. पहिल्या व्यवहारात आपण आधी पाठवण्याची तयारी दाखवावी.

भारतीय संग्राहकाने पायरेट्सच्या कनिष्ठ संघांकडेही पाहावे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये याच संघाने उत्तर भारतातून आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंशी करार केला आणि पुढच्या वर्षी ते फ्लोरिडात पायरेट्सच्या गल्फ कोस्ट लीग संघाकडून खेळले. अमेरिकन बेसबॉलमध्ये एखाद्या मेजर लीग संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत, तरीही त्यांची नावे शोधयादीत कायमची नोंदवून ठेवावीत, आणि त्यांच्यासाठी नियमात अपवाद करावा लागला, तर तो खुशाल करावा.

वर्षातून एकदा, शक्यतो नवी पहिली मालिका येण्याआधी जानेवारीत, सगळे बाइंडर उघडून यादीशी ताडून पाहावेत, किमती कार्डांची पुढून-मागून छायाचित्रे घेऊन ती घराबाहेरच्या एखाद्या सुरक्षित ठिकाणी साठवावीत आणि प्रत्येक दशकातील किती कार्डे मिळवायची उरली आहेत, ते स्प्रेडशीटच्या वरच्या ओळीत लिहावे. पुढच्या वर्षाच्या खर्चातील मोठा वाटा त्यांपैकी ज्या दशकात सर्वांत कमी कार्डे उरली असतील, त्याला द्यावा.